ईर, येर, नीळ्ळु आणि पाणी

वणी तालुक्यातले राजूर हे कोळशाचे आणि चुन्याचे गाव. सगळा मुलूख त्याला ‘राजूर कॉलरी’ म्हणूनच ओळखतो. खाण जिथे निघते तिथे चार दिशांची माणसे पोटासाठी येतात आणि येताना आपली भाषा घेऊन येतात. वणीच्या कोळसापट्ट्यात पाणी मागायचे तर वऱ्हाडी बाई ‘पाणी’ म्हणते, छत्तीसगड-बिहारकडून आलेला कामगार ‘पानी’, तेलुगू घरातली म्हातारी ‘नीळ्ळु’, गोंड माणूस ‘येर’ आणि जवळच्या पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, बाजाराला आलेला कोलाम ‘ईर’. नीळ्ळु, येर आणि ईर ही एकाच द्राविडी कुळातली भावंडे आहेत. घराचेही तसेच: तेलुगूत ‘इल्लु’, कोलामीत ‘एल्ला’, गोंडीत ‘रोन’. पाण्याला मराठीसारखेच ‘पाणी’ म्हणणारा शेजारी म्हणजे तांड्यावरचा बंजारा, कारण त्याची गोरमाटी आर्य कुळातली.

आता याच गावातल्या पाट्या पाहाव्यात. ग्रामपंचायतीची पाटी मराठीत. खाणीची मराठी, हिंदी आणि इंग्रजीत, कारण दगडी कोळसा १९७३ मध्ये सरकारच्या ताब्यात आला, १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्स ही कंपनी निघाली आणि केंद्राच्या कार्यालयांना राजभाषेचे नियम लागू होतात. सप्टेंबर आला की अशा कार्यालयांत हिंदी पंधरवड्याचे फलक लागतात. दुकानांवर मराठी अक्षरे इतर भाषांहून लहान नसावीत, असा कायदा २०२२ मध्ये झाला. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदतही दिली. मराठीसाठी कायदा आहे, हिंदीसाठी पंधरवडा आहे, इंग्रजीसाठी बाजार आहे. ‘ईर’ आणि ‘येर’ मात्र कुठल्याच पाटीवर नाहीत, पाठ्यपुस्तकात नाहीत, सातबाऱ्यावर तर नाहीतच.

पाटीवरून एखाद्या देशाचे राजकारण कसे कळते, हे पाहायला मोरोक्कोसारखे ठिकाण नाही. उत्तर आफ्रिकेतल्या या देशात सरकारी इमारतींवर आज तीन लिप्या दिसतात: अरबी, फ्रेंचची रोमन आणि तिसरी तिफिनाग. वर्तुळे, क्रॉस आणि काटकोनांनी बनलेली ही लिपी तिथल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे अमाझिग लोकांच्या भाषेची. जग त्यांना बर्बर म्हणत आले. ते स्वतःला अमाझिग म्हणतात. इकडे कोलाम स्वतःला ‘कोलावर’ म्हणतात आणि गोंड ‘कोयतुर’, तसेच.

ही लिपी पाटीवर सुखासुखी आली नाही. १९९४ च्या १ मे रोजी दक्षिण मोरोक्कोत कामगार दिनाच्या मोर्चात तिफिनागमधले फलक धरले म्हणून काही शिक्षकांना अटक झाली होती. त्यानंतर सात वर्षांनी, २००१ मध्ये, राजाने अमाझिग संस्कृतीसाठी स्वतंत्र संस्था काढली. मग भाषा लिहायची कशात यावर वाद पेटला. धार्मिक पक्षांना अरबी लिपी हवी होती. अनेक भाषाशास्त्रज्ञांना आणि कार्यकर्त्यांना रोमन हवी होती, कारण छापायला सोपी आणि शेजारच्या अल्जीरियातले कबाइल लोक तीच वापरत होते. २००३ च्या फेब्रुवारीत तिफिनागची निवड झाली. दोन्ही बाजूंना ती पहिल्या पसंतीची नव्हती, पण दोघांनाही ‘समोरचा जिंकला’ असे म्हणता येत नव्हते. भाषेला लिपी मिळाली ती अशी तडजोडीतून.

त्याच वर्षी सप्टेंबरात सुमारे ३०० शाळांत ती शिकवायला सुरुवात झाली. २०११ च्या राज्यघटनेने अमाझिग भाषेला अरबीबरोबर राजभाषा केले, पण अंमलबजावणीचा कायदा यायला २०१९ उजाडले. २०२४ च्या जनगणनेत जवळपास एक चतुर्थांश मोरोक्कन अमाझिग बोली बोलतात असे दिसले. तिफिनाग वाचता-लिहिता येणारे त्यांच्यात फारच थोडे. पाटी दोन दशकांत देशभर पोहोचली, शिक्षक पोहोचले नाहीत.

यवतमाळच्या माणसाने मोरोक्कोकडे पाहायचे ते एवढ्यासाठी. पाटी पुढे आणि शिक्षक मागे, हा तिथला क्रम इथे उलटवता येण्याजोगा आहे.

कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक. दुसऱ्या दोन कातकरी आणि माडिया गोंड. वणी, मारेगाव, झरी जामणी, केळापूर या तालुक्यांत त्यांची पोडे विखुरलेली आहेत. त्यांच्या भाषेची दखल कुणी घेतली नाही असे नाही. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०६ सालच्या चौथ्या खंडात कोलामी आहे. तेव्हा हा जिल्हा कालपरवापर्यंत वणीच्या नावाने ‘वुन’ म्हणून ओळखला जात होता आणि १९०५ मध्येच त्याचा ‘यवतमाळ’ झाला होता. मरे एमेनो या अमेरिकेतल्या भाषाशास्त्रज्ञाने वर्धा भागातल्या कोलामीचे व्याकरण १९५५ मध्ये कॅलिफोर्नियातून छापले. म्हणजे कोलामीचे व्याकरण समुद्रापार निघून सत्तर वर्षे झाली. पोडावरच्या शाळेत तिचे बाराखडीचे पुस्तक दिसत नाही.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात कोलाम जमातीची माणसे सुमारे १ लाख ९४ हजार होती. कोलामी ही मातृभाषा सांगणारी माणसे मात्र साऱ्या देशात सुमारे १ लाख २८ हजार. तेलंगणातले कोलाम या हिशेबात मिळवले तर फरक आणखी वाढतो. हजारो कोलाम घरांत आजीची भाषा नातवापर्यंत पोहोचलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

गोंडीचे आकडे मोठे आहेत, सुमारे ३० लाख. तिच्या निम्म्याच काय, शंभराव्या हिश्श्याइतकेही लोक ज्या भाषेला मातृभाषा म्हणत नाहीत ती संस्कृत (२०११ मध्ये २४ हजार ८२१) राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत पहिल्यापासून आहे. गोंडी नाही. आणि गोरमाटी? जनगणनेत ती लमाणी-लंबाडी या नावाने सांगणारे ३२ लाखांहून जास्त लोक हिंदीच्या रकान्यात मिळवले जातात. यवतमाळला हे ठाऊक असायला हवे, कारण याच जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातले गहुली हे वसंतराव नाईकांचे गाव आणि ते बंजारा समाजातले. मराठीला या राज्याची राजभाषा करणारा १९६४ चा कायदा आणि १९६७ साली स्थापन झालेली बालभारती, दोन्ही त्यांच्याच मुख्यमंत्रिपदाच्या काळातली. ज्यांच्या तांड्यावर मराठी बोलत नसत, अशा नेत्याच्या कारकिर्दीत मराठी राजभाषा झाली. मराठीने शेजारच्या भाषांकडून किती घेतले आहे, याची ही साधी आठवण आहे.

याच मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला आणि पेढे वाटले गेले. साडेसहा महिन्यांतच, १६ एप्रिल २०२५ रोजी, पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा करणारा शासन निर्णय निघाला आणि राज्यभर रान उठले. जूनमध्ये निर्णयाला मुरड घातली गेली: हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर वर्गात किमान २० विद्यार्थी हवेत. २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. सहा-सात वर्षांच्या मुलावर परकी भाषा लादू नये, मूल घरच्या भाषेत शिकते, असे त्या अडीच महिन्यांत लेखक, पालक, पुढारी सगळ्यांनी ठासून सांगितले. ते बरोबरच होते.

फक्त तो युक्तिवाद वणीपर्यंत आला की अडखळला. पोडावरच्या मुलाला मराठी हीच परकी भाषा आहे. त्याची पहिली भाषा कोलामी, शाळेची मराठी दुसरी, २००० पासून पहिलीत आलेली इंग्रजी तिसरी. हिंदी आली असती तर ती चौथी ठरली असती. ‘तिसऱ्या भाषेचे ओझे’ हा शब्दप्रयोगच त्याच्या पाठीवर बसत नव्हता. आणि २० विद्यार्थ्यांची अट? ज्या शाळेत चारही इयत्ता मिळून कशीबशी तेवढी मुले भरतात, तिथे एका वर्गात २० आणायची कुठून? ही अट कुणी वाईट हेतूने घातली नसेल. ती घालताना पोडावरची शाळा कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हती, एवढे मात्र त्यातून कळते.

कोलामी लिहायची कशात, हा प्रश्न इथे हमखास येतो. आणि तो नुसता अस्मितेचा नाही, अक्षरांचाही आहे. कोलामीत ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए वेगळे, ऱ्हस्व ओ आणि दीर्घ ओ वेगळे. ‘एल्ला’मधला ए ऱ्हस्व आहे. मराठीच्या बाराखडीत हा भेद दाखवायला चिन्ह नाही. आपण ‘के’ एकदाच म्हणतो आणि पुढे जातो. तेलुगू लिपीत दोन्हींसाठी वेगळी चिन्हे आहेत. म्हणजे निव्वळ आवाज पाहिले तर कोलामीच्या अंगाला तेलुगू लिपी जास्त नीट बसते.

योगायोग असा की पैनगंगेच्या पलीकडे, आजच्या तेलंगणात, तसेच झाले. २००४ च्या सुमारास तेव्हाच्या आंध्र प्रदेशाने आठ आदिवासी भाषांत प्राथमिक शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. त्यात गोंडी, कोया, बंजारा यांच्याबरोबर कोलामीही होती आणि पुस्तके तेलुगू लिपीत निघाली. त्यामुळे एकाच भाषेच्या मुलांमध्ये नदीने लिपीचीही सीमा आखली. अलीकडचा कोलाम पलीकडच्या पुतण्याचे पुस्तक कानाने समजू शकतो, डोळ्यांनी वाचू शकत नाही. अमाझिग लोकांचे दुखणे हेच: मोरोक्कोत तिफिनाग, अल्जीरियातल्या कबाइल भागात मुख्यतः रोमन.

यावर तोडगा अवघड नाही. देवनागरीत ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ यांची चिन्हे आहेत: ऎ आणि ऒ. द्राविडी भाषा लिहिण्यासाठीच ती आहेत आणि युनिकोडमध्येही आहेत. ‘ऎल्ला’ असे लिहिले की काम भागते. शिक्षकाला ही दोन चिन्हे शिकायला एक दुपार पुरेल.

गोंडीपुढे पेच उलटा आहे; तिच्याकडे लिप्या जास्त आहेत. बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये एक लिपी घडवली. आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाला गावात जुन्या पोथ्या सापडल्या आणि २००६ च्या सुमारास अभ्यासकांचे लक्ष दुसऱ्या लिपीकडे गेले. मसराम गोंडी २०१७ मध्ये युनिकोडमध्ये आली, गुंजाला गोंडी २०१८ मध्ये. प्रत्यक्ष व्यवहारात बहुतेक गोंडी मजकूर महाराष्ट्रात आणि मध्य प्रदेशात देवनागरीत, तेलंगणात तेलुगूत. या लिप्यांची ओढ ज्यांना वाटते त्यांना हसण्यात अर्थ नाही. आपली अक्षरे आपली असावीत असे वाटणे मराठी माणसाला चांगलेच समजायला हवे, कारण त्यानेही एक लिपी गमावली आहे.

मोडी ही शेकडो वर्षे मराठी कारभाराची लिपी होती. पोथी बाळबोधीत, हिशेब मोडीत, असा सरळ वाटा होता. छापखान्याला मोडी गैरसोयीची पडली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळेतूनही गेली. आपण तिला विसरून गेलो. मग २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि तहसील कार्यालयांतल्या जुन्या दप्तरांपुढे मोडी वाचणारा माणूस शोधायची धावपळ सुरू झाली. निजामाच्या दप्तरासाठी उर्दू-फारसी वाचणारेही लागले. पणजोबाच्या जातीचा दाखला दप्तरात होता, पण तो वाचणारे घरात कुणी नव्हते. लिपी हा शोभेचा विषय नसतो. जमीन, जात आणि हक्क यांचे कागद तिच्यात असतात, हे त्या वर्षी महाराष्ट्राच्या गावागावाने अनुभवले.

गोव्यात हा वाद अजून जिवंत आहे. तिथल्या १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणी म्हणजे ‘देवनागरीत लिहिलेली कोंकणी’ असे ठरवले; पिढ्यान्‌पिढ्या रोमी लिपीत लिहिणारे ख्रिस्ती कोंकणी लेखक तेव्हापासून आपल्या अक्षरांसाठी भांडत आहेत. कायद्याने एक लिपी निवडली की दुसरीत लिहिणारा रातोरात पाहुणा होतो. कोलामी आणि गोंडीच्या बाबतीत सरकारने ही घाई करू नये. वर्गात देवनागरीने सुरुवात करावी, कारण त्या मुलाला लगेच मराठी वाचायची आहे. मोठी मुले मसराम किंवा गुंजाला शिकू इच्छितात का, हे त्यांच्या ग्रामसभांनी ठरवावे. पेसा कायदा १९९६ चा आहे; परंपरा आणि संस्कृती जपण्याचा अधिकार त्याने ग्रामसभेला दिला आहे. भाषा त्यातच येते.

ग्रामसभांनी असे ठरवले की काय होते, याचेही उदाहरण जवळच आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातल्या मोहगावात ग्रामसभांनी २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. पुढे शिक्षण खात्याने ‘मान्यता नाही’ म्हणून तिला नोटीस दिली आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. राज्यघटनेचे कलम ३५० (क) सांगते की भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षण मिळण्याची सोय राज्याने करावी. गावाने ती सोय स्वतः केली, तर राज्याने आधी मान्यतेचा कागद मागितला.

या सगळ्यात वऱ्हाडी मराठी बोलणाऱ्यानेही आपण प्रेक्षक आहोत असे समजू नये. मोरोक्कोत २०१८ मध्ये एका प्राथमिक पुस्तकात ‘बग्रीर’ आणि ‘ब्रिवात’ हे घरगुती खाऊचे शब्द छापले, म्हणून केवढे वादळ झाले. शब्द दारिजातले होते, म्हणजे मोरोक्कन लोक घरी बोलतात त्या अरबीतले. पुस्तकात शुद्ध अरबीच हवी, असा आक्षेप. राजूरच्या मुलाला यात नवल वाटणार नाही. त्याच्या घरी सांभार असतो, पुस्तकात कोथिंबीर. घरी फल्ली, पुस्तकात शेंगदाणे. घरी ‘मी जाऊन राहिलो’, वहीत लाल शाईने ‘मी जात आहे’. ज्याची घरची मराठी वर्गात अशुद्ध ठरते, त्याला शेजारच्या बाकावरच्या कोलाम मुलाचे गप्प बसणे सर्वांत आधी कळायला हवे. बहुतेकदा कळत नाही. दोघांमध्ये तोच पहिला हसतो.

मग करायचे काय? पहिले, भाषेचा नकाशा. पांढरकवड्याच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने आणि जिल्हा परिषदेने मिळून वणी, मारेगाव, झरी जामणी, केळापूर इथल्या प्रत्येक प्राथमिक आणि आश्रमशाळेत पहिलीच्या मुलाची घरची भाषा नोंदवावी. दाखल्यावर ‘मातृभाषा’ हा रकाना असतो. तो विचारून भरावा, सरसकट ‘मराठी’ लिहू नये. दुसरे, माणूस. ज्या वर्गात कोलामी किंवा गोंडी मुले आहेत तिथे पोडावरची किंवा गावातली, दोन्ही भाषा येणारी तरुण व्यक्ती पहिली दोन वर्षे शिक्षकाच्या जोडीला मानधनावर असावी. यवतमाळ आणि वणीच्या महाविद्यालयांतून अशी मुले-मुली आज बाहेर पडत आहेत. तिसरे, पुस्तक. पैनगंगेपलीकडची कोलामी पुस्तके आहेतच. त्यांचे देवनागरीकरण, तिथल्या आणि इथल्या कोलामांनी एकत्र बसून, पुण्याच्या आदिवासी संशोधन संस्थेने करून घ्यावे. अरुण जाखडे यांनी संपादित केलेल्या भाषांच्या लोकसर्वेक्षणाच्या महाराष्ट्र खंडाने राज्याच्या भाषांची यादी दिली आहे. आता यादीपलीकडे जायला हवे.

पाटी यातल्या कशातच नाही, हे मुद्दाम. मोरोक्कोत पाटी देशभर पोहोचली आणि शिक्षक मागे राहिले. राजूरच्या चौकात उद्या पाच भाषांत ‘स्वागत’ लिहिले तर ते पाहायला बरे वाटेल, पण त्याने कोलाम मुलाला पहिलीत ‘क’ कळणार नाही.

यात मराठीचे काही जाते का? घरच्या भाषेत वाचायला शिकलेले मूल दुसरी भाषा लवकर वाचते. ज्याला ‘ईर’ लिहिता आले त्याला ‘पाणी’ लिहायला वेळ लागत नाही. आज ते मूल दोन्हीपैकी एकही न लिहिता चौथीपर्यंत सरकते आणि मग शेतावर, भट्टीवर किंवा खदानीच्या रोजंदारीवर जाते. कोलामीचे नुकसान झाले, म्हणून मराठीचा फायदा झाला, असे यवतमाळमध्ये तरी कुठे दिसत नाही.

२७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन होतो. त्याच्या सहाच दिवस आधी, २१ फेब्रुवारीला, आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन असतो आणि तो शांतपणे निघून जातो. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणजे फेब्रुवारीत घरच्या भाषेची नोंद सुरू केली तर जिल्हा परिषदेच्या हाती पूर्ण चार महिने राहतात. शाळा उघडेल त्या दिवशी वणी तालुक्यातल्या किमान दहा शाळांत कोलामी किंवा गोंडी बोलणारी एक व्यक्ती पहिलीच्या वर्गात बसलेली असावी. अभिजात मराठीच्या महाराष्ट्राकडून एवढे मागणे जास्त नाही, आणि त्यासाठी कुणाची तिसरी भाषा काढून घ्यावी लागणार नाही.